बागेचा ऑन-कॉल कोणाकडे?

सक्करदऱ्यातून बोलतेय. मागे कूलरचा आवाज येईल, तेवढं सांभाळून घ्या.

आज कुंड्या आणि आंगण. नवरा-बायकोत यातलं कोण काय करतं?

बहुतेक घरांत वाटणी न बोलताच झालेली असते. फांद्या छाटणं, उन्हाळ्यात ग्रीन नेट बांधणं, नर्सरीतून मातीची पोती आणणं हे त्याचं. खराटा, पाणी, कुंडीखालच्या प्लेटा रिकाम्या करणं हे तिचं. ऐकायला फिफ्टी-फिफ्टी. पण कॅलेंडर उघडून पाहा ना! नेट वर्षातून एकदा बांधतात, त्याचा फोटोही निघतो. पाणी मे महिन्यात दिवसातून दोनदा घालावं लागतं. आणि कडुनिंबाची पानं? झाडून पाठ फिरवली की पुन्हा हजर.

केंद्र सरकारच्या 2024 च्या टाइम यूज सर्व्हेत घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी 289 मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा 88. बरं, हे फक्त काम करणाऱ्यांचे आकडे आहेत. त्या दिवशी घरात काडीही न हलवणारे पुरुष या सरासरीत नाहीतच.

माझ्या मते खरं काम पाणी घालणं नाही, पाणी घालायचं लक्षात ठेवणं आहे. "सांग ना, मी करतो" हे वाक्य प्रेमळ वाटतं, पण सांगायचं काम तिच्याकडेच राहतं. ऑफिसात ऑन-कॉल असलेला माणूस रात्री सर्व्हर पडल्यावर "मला कोणी सांगितलंच नाही" म्हणतो का?

म्हणून आमच्याकडे कामं नाही, आठवडे वाटलेत. त्याच्या आठवड्यात आंगण, गच्ची, सगळं त्याचं, आणि मी आठवण करून देत नाही. हे जड जातं हो! एप्रिलमध्ये त्याच्या आठवड्यात सांबार वाळला (पुणेकरांनो, सांबार म्हणजे कोथिंबीर) आणि मी गप्प बसले. पुढचा त्यानंच पेरला. नवरा सकाळी आंगण झाडताना दिसला की गल्लीतल्या काकू अजून मलाच विचारतात, "काहून, बरं नाही का तुला?"

एक काम मात्र दोघांचं. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही, घासावं लागतं. इथे चूक झाली तर सांबारावर निभावत नाही, शेजारचं पोरगं तापानं पडतं. म्हणून रविवारी आठवडा बदलताना कूलरची टाकी आणि प्लेटा दोघं मिळून घासतो. पंधरा-वीस मिनिटं लागतात.

या रविवारपासून पाळी माझी. मोगरा त्यानं वाढवला, कळ्या आता आल्यात. फुलं कोणाची, यावर बोलणी चालू आहेत.