भूजलाचे मोजमाप आणि आपले उत्तरदायित्व



२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीने प्राशन केले. ते पाणी सर्वांना दिसत होते आणि ते नाकारणारेही दिसत होते. आज आपल्या गावांची तहान प्रामुख्याने भूगर्भातील पाण्यावर भागते. पण ते कोणी, किती उपसले हे कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीखालील पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकास दिला. मग भूमिहीनांच्या वाट्याला काय येणार?

विज्ञानाने हा पडदा दूर सारला आहे. २००२ साली अवकाशात सोडलेल्या ‘ग्रेस’ या जुळ्या उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरक टिपले. त्यावरून २००२ ते २००८ या काळात राजस्थान, पंजाब व हरियाणा येथील सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल घटल्याचे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. परंतु उपग्रहास एखाद्या गावची विहीर दिसत नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग बेसाल्टच्या कातळाचा. त्यात पाणी भेगांतून साठते, म्हणून शेजारच्या दोन विहिरींचीही स्थिती निराळी असते. तेथे स्वयंचलित पातळीमापकच उपयोगी पडतो. पूर्वी कर्मचारी वर्षातून चार वेळा टेप सोडून पातळी मोजत. हे यंत्र पाण्याच्या दाबावरून ती दिवसातून अनेकदा नोंदवून मोबाईलच्या जाळ्यातून पाठविते. २०२० पासून राबविलेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्यांतील निवडक ग्रामपंचायतींनी अशा नोंदींच्या आधारे पाण्याचा ताळेबंद मांडला.

मात्र बंधूंनो, यंत्र पातळी सांगते. न्याय करीत नाही. आपण येथून वर्गणी पाठवितो, वस्तीत बोअर पाडला जातो. पुढे शेजारच्या बागायतीत अधिक खोल बोअर होतो आणि वस्तीचा हातपंप कोरडा पडतो. पुन्हा वर्गणी, पुन्हा बोअर! हे दान आहे, उपाय नव्हे.

म्हणून माझी नम्र विनंती अशी की, यापुढे बोअरसाठी मदत देताना पातळी मोजण्याची व्यवस्थाही करावी. वस्तीतील एका मुलीस व एका मुलास ती नोंद ठेवण्याचे शिक्षण द्यावे. तो आकडा बुद्धविहाराच्या फलकावर लिहिला जावा व ग्रामसभेत वाचला जावा. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ या संदेशातील पहिली पायरी येथे आकडा वाचण्याची आहे. ज्याच्या हाती नोंद, त्याच्याच शब्दाला सभेत वजन!

जयभीम! नमो बुद्धाय!