कवीचे मित्र

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात आचार्य अत्रे यांच्या नावाचे रंगमंदिर आहे. अशा रंगमंदिरांत नाटके आणि व्याख्याने होतात, त्याचप्रमाणे सत्कारसमारंभही होतात. आणि साहित्यिकाच्या सत्काराचा क्रम महाराष्ट्रातील सुशिक्षित मनुष्यास तोंडपाठ असतो. कोणी वयोवृद्ध ग्रंथकार व्यासपीठावर संकोचून बसलेले असतात. त्यांच्या खांद्यावर शाल आणि हाती श्रीफळ येते, मानपत्र वाचले जाते, वक्त्यांची चढाओढ लागते आणि शेवटी आभारप्रदर्शन होते. दुसऱ्या दिवशी शाल कपाटात, नारळ स्वयंपाकघरात आणि मानपत्र भिंतीवर जाते. परंतु ज्या लेखनाकरिता हा सारा समारंभ झाला, ते लेखन कोठे असते? पुष्कळदा ते बंद पडलेल्या मासिकांच्या जुन्या अंकांत, स्नेह्यांस पाठविलेल्या पत्रांत आणि माळ्यावरील ट्रंकेत विखुरलेले असते. वृद्ध साहित्यिकाचा गौरव त्याच्या मित्रांनी कसा करावा, हा प्रश्न येथेच उपस्थित होतो.

या प्रश्नाचे पहिले उत्तर, ज्यांचे नाव या नगरास दिलेले आहे त्यांच्याच चरित्रात सापडते. दरसाल आषाढी वारीत तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि आकुर्डीचा मुक्काम आटोपून पिंपरीवरून पुण्यास जाते. तुकोबा वृद्ध झालेच नाहीत. १६५० मध्ये, बेचाळिशीच्या सुमारास, त्यांची इहयात्रा संपली. परंतु त्यांस मित्र चांगले लाभले होते. टाळकरी म्हणून जे त्यांच्या मागे उभे राहत, त्यांपैकी कडूसचे गंगाराम मवाळ आणि सुदुंबऱ्याचे संताजी जगनाडे हे त्यांचे अभंग उतरून घेत, असे परंपरा सांगते. तेलाच्या घाण्यावर पोट भरणाऱ्या संताजींनी तुकोबांवर स्तुतिपर भाषणे केली असतील वा नसतील. त्यांनी वही राखली, हे मात्र खरे. त्यांच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेलेल्या वह्यांच्या आधारे ठाण्याचे वि. ल. भावे यांनी १९१९-२० मध्ये तुकारामबोवांचा ‘अस्सल गाथा’ प्रसिद्ध केला. मित्राने केलेले साधे लेखनिकाचे काम पावणेतीनशे वर्षांनी विद्वानास उपयोगी पडले. गौरवाचा याहून मोठा प्रकार शोधून सापडावयाचा नाही.

अर्वाचीन काळात असे भाग्य ज्यांच्या वाट्यास त्यांच्या हयातीतच आले, असे कवी म्हणजे भास्कर रामचंद्र तांबे. १८७३ मध्ये मुंगावली येथे जन्मलेले तांबे आयुष्यभर मध्य भारतातच राहिले. संस्थानी नोकरीत त्यांनी निरनिराळ्या हुद्द्यांवर कामे केली. मराठी ग्रंथव्यवहार पुण्या-मुंबईस चालत असे आणि कवी शेकडो मैल दूर, हिंदी बोलणाऱ्या मुलखात, आपल्याच लहरीने गाणी रचीत असे. संग्रह काढून कीर्ती मिळविण्याची त्यांस घाई नव्हती. त्यांचा पहिला संग्रह १९२० मध्ये निघाला, तेव्हा ते चाळिशीच्या पलीकडे गेलेले होते. आणि तो काढण्याचे श्रम घेतले ते त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या वा. गो. मायदेव या कवीने. १९२७ मध्ये दुसरा भाग आला. पुढे १९३५ मध्ये, कवीने साठी ओलांडल्यावर, ‘तांबे यांची समग्र कविता’ हा ग्रंथ वाचकांच्या हाती पडला. त्याचे संपादन माधव त्रिंबक पटवर्धन, अर्थात कवी माधव जूलियन, यांनी केले होते.

हा योग विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. माधव जूलियन हे काही तांब्यांच्या छायेत वाढलेले कवी नव्हेत. ते फारसीचे अध्यापक, फार्शी-मराठी कोशाचे कर्ते, रविकिरण मंडळातील अग्रगण्य आणि मराठीत गझल रुजविणारे. त्यांची काव्यदृष्टी स्वतंत्र आणि मते करारी होती. शिवाय १९३५ मध्ये ते स्वतः कीर्तीच्या शिखरावर होते. पुढच्याच वर्षी जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. अशा कवीने स्वतःचे लेखन बाजूस ठेवून दुसऱ्या कवीच्या ओळी तपासाव्या, त्यांचा क्रम लावावा आणि मुद्रणाच्या चुका काढीत बसावे, ही गोष्ट सामान्य नव्हे. कवींमधील स्पर्धेच्या कथा लोक चवीने सांगतात. कवींमधील अशी चाकरी मात्र सहसा कोणी सांगत नाही.

संपादकाच्या या चाकरीचे स्वरूप वरवर पाहणारास कळत नाही. कविता मासिकात एका रूपात छापलेली असते, कवीच्या वहीत दुसऱ्या रूपात असते आणि गाणाऱ्याच्या तोंडी तिसऱ्याच रूपात असते. त्यांतील कोणते रूप ग्राह्य धरावे? कोणती कविता आधीची, कोणती नंतरची? तांब्यांच्या समग्र संग्रहात अनेक कवितांपाशी रचनेचे स्थळ, तारीख, छंदाची जाती, कोठे कोठे रागसुद्धा नोंदलेला आढळतो. तांब्यांची कविता मुळात गाण्याची. तिची चाल ठाऊक असणे म्हणजे तिचा अर्धा अर्थ ठाऊक असणे होय. छंदःशास्त्राचा जो व्यासंग पटवर्धनांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात ओतला, तो अशा कामी साहाय्यक झाल्यावाचून कसा राहील? परंतु केवळ व्यासंगाने तारखा मिळत नाहीत. ही कविता कोठे सुचली, कोणत्या चालीवर बसविली, हा शब्द असाच हवा की ती मुद्रकाची चूक, हे सांगणारा एकच मनुष्य असतो, आणि तो कायमचा राहणारा नसतो. म्हणून असे संपादन कवीच्या हयातीतच झाले पाहिजे. त्याच्या पश्चात जे होते ते संशोधन; त्याच्या समोर जे होते ते संभाषण.

उत्तरवयातील तांब्यांच्या मनात काय चालले होते, हे त्यांच्या कवितांवरूनच दिसते. मध मागणाऱ्या मित्रास आपले पात्र आता रिकामे झाले आहे असे सांगणारी त्यांची एक कविता आहे. दुसऱ्या एका कवितेत त्यांनी मावळत्या सूर्यास अर्घ्य दिले आहे. उगवत्यास सारे जग हात जोडते आणि मावळत्याकडे पाठ फिरविते, ही व्यथा तिच्यात आहे. मृत्यूनंतर जग क्षणभर हळहळते आणि आपल्या व्यवहारास लागते, हेही त्यांनी शांतपणे सांगून ठेवले. अशा मनुष्यास शालीने कितीशी ऊब येणार? ‘माझे गाणे विरून जाईल’ ही जी प्रत्येक वृद्ध कवीच्या मनातील धास्ती, तिला भाषणाने उत्तर देता येत नाही. ग्रंथाने देता येते.

१९३७ मध्ये ग्वाल्हेर दरबाराने तांब्यांस राजकवी केले. पुढे काळाने एक क्रूर विपरीतता दाखविली. संपादक कवीहून वीस वर्षांनी लहान. तरी १९३९ च्या नोव्हेंबरात, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, माधव जूलियन निवर्तले. वृद्ध कवी त्यांच्यामागे दोन वर्षे जगले आणि ७ डिसेंबर १९४१ रोजी ग्वाल्हेर येथे कालवश झाले. ‘पुढे सवडीने पाहू’ असे पटवर्धनांनी म्हटले असते, तर ती सवड त्यांस मिळाली नसती. पुढे वसंत प्रभू यांच्यासारख्या संगीतकारांनी तांब्यांच्या कवितांस चाली दिल्या आणि लता मंगेशकर यांच्या कंठातून त्या घरोघर पोहोचल्या. तोवर शब्द नीट जपून ठेवलेले होते.

मित्रांनी गौरव करण्याचा दुसराही एक मार्ग आहे. कवीचे लेखन गोळा करण्याऐवजी मित्र आपलेच लेखन त्यास अर्पण करतात. रवींद्रनाथ ठाकुरांच्या सत्तरीनिमित्त १९३१ मध्ये कलकत्त्यास रामानंद चट्टोपाध्याय यांनी ‘गोल्डन बुक ऑफ टागोर’ हा ग्रंथ संपादिला. त्याच्या पुरस्कर्त्यांत महात्मा गांधी, जगदीशचंद्र बसू, रोमाँ रोलाँ, आइनस्टाइन आणि ग्रीक कवी पालामास हे होते. देशोदेशींच्या कवींनी व लेखकांनी त्यात आपली पत्रपुष्पे वाहिली. त्याआधी ६ जुलै १९१७ रोजी पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी त्यांच्या नावाची संशोधनसंस्था स्थापन झाली, आणि त्याच वर्षी विद्वानांच्या निबंधांचा ग्रंथ त्यांस अर्पण करण्यात आला. त्यातील मर्म हे की, विद्वानांनी भांडारकरांवर स्तोत्रे रचली नाहीत. आपापले संशोधन त्यांच्यापुढे ठेवले. गुरूने ज्या शेतात आयुष्य घालविले, त्याच शेतातील पीक त्याच्या ओंजळीत घातले. गौरवग्रंथ पुष्कळदा नीरस होतात ते याच कारणाने की, लेखक त्यांत आपले उत्तम लेखन देत नाहीत, केवळ विशेषणे देतात. कवीस कविता द्यावी, कथाकारास कथा द्यावी. ती चांगली साधली तर त्याच्या थोरवीचा निराळा पुरावा लागत नाही.

आणि उशीर झाला म्हणजे काय होते, याचेही उदाहरण आचार्य अत्रे यांच्याच नावाशी जोडलेले आहे. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती. जात्यावर आणि शेतात त्या ओव्या रचीत. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि एक आप्त त्या टिपून घेत. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. त्यानंतर त्या वह्या अत्र्यांच्या दृष्टीस पडल्या, त्यांनी हे सोने ओळखले, आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. महाराष्ट्र धन्य झाला. परंतु ज्या माउलीचे ते गाणे, तिने ते पुस्तक हाती धरले नाही. वही होती म्हणून गाणे वाचले. एक वर्ष हुकले म्हणून आनंद मात्र हुकला.

संत तुकाराम नगराच्या परिसराने गेल्या सत्तर वर्षांत फार मोठे स्थित्यंतर पाहिले. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, मागोमाग इतर कारखाने आले, आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे येऊन स्थायिक झाली. येताना त्यांनी आपापली बोली, आपापल्या ओव्या आणि अभंग बरोबर आणले. २०१६ च्या जानेवारीत ८९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरीसच भरले, तेव्हा तेथे लोटलेल्या गर्दीचे कोणास नवल वाटण्याचे कारण नव्हते. पाळीचे काम करून घरी आल्यावर लिहीत बसणारी माणसे अशाच वस्त्यांत असतात. निवृत्तीनंतर त्यांच्या वह्या कपाटात राहतात, आणि घर बदलताना त्या प्रथम रद्दीत जातात.

अशा एखाद्या वृद्ध लेखकाच्या स्नेह्यांनी संजयाची दृष्टी वा कुबेराचे भांडार बाळगण्याचे कारण नाही. रविवारच्या चार सकाळी, एक कोरी वही आणि थोडा धीर एवढे पुरते. कोणती कविता केव्हा रचली, कोठे छापली, कोणता पाठ खरा, हे त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवावे. मग सत्काराचा दिवस उजाडेल तेव्हा शालीबरोबर त्यांच्या हाती त्यांचाच ग्रंथ ठेवता येईल. सुदुंबऱ्याच्या तेल्याने एवढेच केले होते, आणि कोल्हापूरच्या प्राध्यापकानेही एवढेच.