पाण्याच्या वाटेवर कोणाचं घर?

(तेल्हारा येथील मेळाव्यातील भाषण)



सातपुड्यात पाऊस कोसळला की वान नदी तेल्हारा तालुक्यात उतरते आणि पुढे पूर्णेला मिळते. पूर्णेकाठी खारपाणपट्टा. तिथल्या चिकण काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही. म्हणून उन्हाळ्यात गोड्या पाण्यासाठी वणवण आणि पावसाळ्यात दारात चिखल.

अशा गावात उंचावरची जागा कोणाची आणि नाल्याकाठची कोणाची, हा प्रश्न मी राजकीय मानते. भूमिहीन मजूर, दलित, एकट्या बाया यांच्या वाट्याला नाल्याचा काठच येतो. पूर आला की मात्र आपण निसर्गाला दोष देतो.

आपल्या विदर्भातलंच मोवाड आठवा. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने तिथे दोनशेहून अधिक माणसं नेली. नंतर पुनर्वसन झालं. पण सुरक्षित जागा मिळायला आधी माणसं मरावी लागतात काय?

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. तिथे फक्त बचत गटाचे विषय नकोत. गावाचा नकाशा मागू या. पाणी कुठून शिरतं, कुठे तुंबतं हे झाडणारीला, पाणी भरणारीला ठाऊक असतं. ते नकाशावर मांडू या. मग तीन ठराव लिहून घेऊ: पाण्याच्या वाटेवर घरकुल नको, उंचावरच्या सरकारी जागेवर पहिला हक्क नाल्याकाठच्या बेघरांचा, आणि घराच्या नोंदीत बाईचंही नाव.

ठरावाची नक्कल हाती आल्याशिवाय उठायचं नाही.