नववी-दहावीचा खेळाचा तास

इंदूरमध्ये खेळाचा विषय निघाला की बोलणं कर्नल सी. के. नायडूंपाशी पोहोचतंच, आणि ते रास्त आहे. १९२३ मध्ये होळकर दरबारानं नायडूंना इंदूरला बोलावून घेतलं, सैन्यात हुद्दा दिला आणि या शहरात क्रिकेट रुजलं. इथलेच मुश्ताक अली तेरा वर्षांचे असताना नायडूंच्या नजरेत भरले. पुढे १९३६ मध्ये मँचेस्टरला शतक ठोकून ते परदेशात कसोटी शतक करणारे पहिले भारतीय ठरले. होळकर संघानं रणजी करंडक चार वेळा जिंकला. २०२२ मध्ये मध्य प्रदेशानं तो पहिल्यांदा जिंकला, तेव्हा अंतिम सामन्यात इंदूरच्या रजत पाटीदारनं शतक केलं. हा वारसा मोठा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

पण हे निवडून घेतलेल्या अकरा जणांचं झालं. चाळीस मुलांच्या वर्गातल्या उरलेल्या एकोणतीस जणांचं काय? मी मुलींना शारीरिक शिक्षण शिकवत आले, आणि आज मला त्या एकोणतिसांबद्दलच बोलायचं आहे.

सहावी-सातवीपर्यंत मुलं मैदानावर दिसतात. नववी लागली की खेळाचा तास आटू लागतो. दिवाळीनंतर शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘बाई, आज तुमचा तास द्या ना, कोर्स राहिलाय.’ मागणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याच्यावर निकालाचं दडपण असतं. तरी खेळाच्या तासासाठी भूगोलाचा तास कुणी मागितल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. आणि कोर्स आमचाही राहिलेला असतो. तो मुलांच्या शरीरात राहून जातो, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, इतकंच.

कायदाही नेमका याच वळणावर हात सोडतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा शाळेला मैदान हवं म्हणतो, शंभरावर मुलं असतील तर सहावी ते आठवीसाठी शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ शिक्षक हवा म्हणतो. पण तो आठवीपर्यंतच लागू. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानं २०१८ पासून नववी ते बारावीला रोज एक तास खेळासाठी ठेवायला सांगितलं, ते चांगलं केलं. पण वेळापत्रकात तास असणं आणि मुलगी मैदानावर धावणं यात पुष्कळ अंतर आहे.

तेरा ते पंधरा ही वर्षं शरीराच्या दृष्टीनं फार मोलाची. या काळात हाडांची भरणी झपाट्यानं होते आणि उड्या मारणं, धावणं, एकदम थांबून वळणं यानं हाडं बळकट होतात. ही संधी तिशीत परत मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. त्याच संघटनेच्या पाहणीत, जगभरातल्या अकरा ते सतरा वयाच्या मुलींपैकी ८५ टक्के आणि मुलग्यांपैकी ७८ टक्के मुलं तेवढीही हालचाल करत नाहीत असं दिसलं.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगते. दोन फेऱ्यांत धाप लागून एखादी मुलगी खाली बसते. घरचे म्हणतात, नाजूक आहे. वर्गशिक्षिका म्हणतात, आळशी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पंधरा ते एकोणीस वयाच्या शंभरातल्या एकोणसाठ मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. तेव्हा धाप लागली तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. वर्गात बाकावर बसलेल्या मुलीचं रक्त कमी आहे हे कुणालाच कळत नाही. ते आधी कळतं मैदानावरच्या बाईंना, आणि तास रद्द झाला तर त्यांनाही नाही.

आता, खेळायचं काय? इथे मी माझ्या शहराच्या लाडक्या खेळाविरुद्ध बोलणार आहे. शाळेच्या तासाला क्रिकेट नको. चाळीस मुलांत एक खेळतो, एक चेंडू टाकतो, दोघं-तिघं धावतात आणि बाकीचे उन्हात उभे राहतात. ज्याला येत नाही त्याला सीमेवर धाडतात, आणि घंटा होईपर्यंत चेंडू त्याच्याकडे फिरकतही नाही. शाळेच्या संघाचा सराव संध्याकाळी जरूर करा, चिमणबागेच्या मैदानावर जाऊन करा. तास मात्र सगळ्यांचा आहे.

माझं मत खो-खोला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ मध्ये त्याचे नियम बांधून दिले. मैदान लागतं सत्तावीस मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद. सामान म्हणजे दोन खांब आणि चुन्याची फक्की. एका पाळीत नऊ जणी पाठलागावर. त्यातल्या आठ जणी मधल्या पाटीवर आळीपाळीनं उलटसुलट तोंड करून बसतात, नववी धावते. समोरच्या संघाच्या तीन-तीन जणी पळायला उतरतात. दोन मैदानं आखली की छत्तीस मुली खेळात. उरलेल्या चौघी गुणलेखक आणि पंच. चाळीस पूर्ण.

पण हिशेबापेक्षा मोठी गोष्ट खेळाच्या रचनेत आहे. पाठलाग करणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही, घेतलेली दिशा बदलता येत नाही. पळणारी मात्र बसलेल्या मुलींमधून हवी तशी वळते, हुलकावणी देते. म्हणून एकटी वेगवान मुलगी काहीच करू शकत नाही. तिला खो द्यावाच लागतो. अंगानं जड असलेली मुलगीही चार पावलं जोरात जाते, खो देते आणि बसते. ती चार पावलं तिचीच असतात आणि त्यावर गडी बाद होतो की निसटतो हे ठरतं. ‘मला पळता येत नाही’ म्हणणाऱ्या मुली पंधरवड्यात खांबापाशी बसायला भांडताना मी पाहिल्या आहेत, कारण खांबाजवळ गडी टिपायची संधी जास्त. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला, मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे आणि मुलांचा प्रतीक वाईकर. दोघेही आपल्या महाराष्ट्रातले. ही बातमी वर्गात सांगितल्यावर मुलींच्या माना कशा ताठ झाल्या असतील, ते तुम्हीच ओळखा.

मैदानाची अडचण खरी आहे. माळव्याची काळी माती पावसाळ्यात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ऐन जुलै-ऑगस्टमध्ये मैदान बंद पडतं. त्यावर मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवला की पाऊस थांबल्यावर लवकर खेळता येतं. हा खर्च स्नेहसंमेलनाच्या मांडवापेक्षा जास्त नसतो. आणि अगदीच धो-धो पडला तर व्हरांड्यात सूर्यनमस्कार आहेत, दोरीच्या उड्या आहेत. मल्लखांब तर २०१३ पासून मध्य प्रदेशाचा राज्य खेळ आहे. छताला मजबूत कडी असेल आणि शिकवणारं जाणतं माणूस असेल तर दोरीचा मल्लखांब सभागृहातही होतो.

मुली का बसून राहतात, हे मी त्यांनाच विचारत असे. उत्तरं साधी होती. कपडे बदलायला कडी असलेली खोली नाही. ओढणी सांभाळत धावता येत नाही. मैदान रस्त्यावरून दिसतं. पाळीच्या दिवसांत काय करावं, हे कुणाला विचारायची सोय नाही. आम्ही एक खोली मोकळी करून घेतली, पॅडची पेटी ठेवली, मुलींचा तास सकाळचा लावून घेतला. ‘आज तब्येत बरी नाही’ असं सांगणाऱ्या मुली पुष्कळ कमी झाल्या. भाषण एकही द्यावं लागलं नाही.

राहता राहिले गुण. सगळ्यांना एका रेषेवर उभं करून शिट्टी फुंकायची आणि पहिल्या आलेलीला पैकीच्या पैकी द्यायचे, ही पद्धत मला कधी पटली नाही. ती धावणारी आधीपासूनच धावत असते, त्यात शाळेनं शिकवलं काय? सत्राच्या सुरुवातीला प्रत्येकीची नोंद घ्यावी: सहा मिनिटांत किती अंतर, दोरीच्या सलग उड्या किती, बसून पुढे वाकलं की बोटं कुठवर पोहोचतात. डिसेंबरात तीच नोंद पुन्हा घ्यावी आणि तिची तुलना फक्त त्याच मुलीच्या आधीच्या नोंदीशी करावी. वही साधी दोनशे पानी पुरते. एका पानावर एक मुलगी, आणि ते पान पालकसभेत गणिताच्या पेपरासोबत आई-वडिलांच्या हातात द्यावं.