दुष्टापासून रक्षण

ख्रिस्ती माणूस आपल्या नित्याच्या प्रार्थनेंत दुष्टापासून सुटका मागतो. ही विनंति प्रभु येशूनेंच आपल्या शिष्यांना शिकविली. परंतु ज्यांनीं ती रोज केली, त्यांच्यांपैकीं कित्येक क्रुसावर गेले आणि कित्येक बंदिवासांत मेले. मग त्यांची विनंति ऐकिली गेली नाहीं काय? प्रश्न जुना आहे, पण अजून जिवंत आहे. त्याचा विचार करावयाचा तर जपानांतील नागासाकीचा इतिहास पाहावा.

त्या इतिहासाच्या आरंभींच एक वसईकर उभा आहे. गोन्सालो गार्सिया हा सोळाव्या शतकांत वसईस जन्मला. तो जपानांत गेला, तेथील भाषा शिकला, कांहीं काळ त्यानें व्यापार केला आणि पुढें मनिला येथें तो फ्रान्सिस्कन संघांत बंधु म्हणून दाखल झाला. धर्मगुरूंचा दुभाष्या म्हणून तो पुन्हा जपानांत आला असतां सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याची ख्रिस्ती मंडळीवर इतराजी झाली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसांवर चढवून भाल्यांनीं ठार मारण्यांत आलें. गोन्सालो त्यांतलाच एक होता. त्यांत कोवळे मुलगेही होते.

१६१४ सालीं सबंध जपानांत ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. त्यानंतर छळाची एक नवी रीत निघाली. नागासाकीच्या परिसरांत दरवर्षीं नववर्षाच्या आरंभीं अधिकारी लोकांना बोलावीत, ख्रिस्ताचें किंवा मरियेचें चित्र असलेली तबकडी जमिनीवर ठेवीत आणि तिच्यावर पाऊल देण्याची आज्ञा करीत. या तबकडीला ‘फुमिए’ म्हणत. पाऊल अडखळलें कीं संशय आलाच, आणि संशयामागून तुरुंग व यातना येत.

येथें खोटी उपासना कोणती, हें नीट पाहिलें पाहिजे. शेजारचा बौद्ध मनुष्य ज्या श्रद्धेनें आपल्या देवळांत हात जोडी, ती या लोकांची वैरीण नव्हती. राजसत्तेला पायाच्या एका ठशाचें काय मोल? तिला त्या पायामागचें अंतःकरण हवें होतें. मनुष्याच्या अंतःकरणांतील जें आसन केवळ देवाचें, तेथें आपला धाक बसावा, ही तिची मागणी होती. धाकाला तें आसन देणें हीच खरी खोटी उपासना. मग तीसाठीं मूर्ति असो वा नसो.

त्या तबकडीवर पुष्कळांनीं पाऊल ठेवलें, हेंही सांगितलेंच पाहिजे. सर्वच कांहीं गोन्सालो नव्हते. परंतु असे भ्यालेले लोक घरीं येऊन पूर्वजांकडून आलेली पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत आणि क्षमा मागत. पुढच्या वर्षीं पुन्हा तीच तबकडी, तेंच पाऊल, तीच प्रार्थना. वीरांना राखणें देवाला शोभतें, असें कोणीही म्हणेल. परंतु दरवर्षीं पडणाऱ्या दुर्बळांनाही त्यानें हातचें सोडलें नाहीं, हेंच या कथेंतलें मोठें आश्चर्य आहे.

१६४४ नंतर त्यांच्यांत एकही धर्मगुरु उरला नव्हता. गांवांतलाच एक जण सणवारांची गणना ठेवी, दुसरा बालकांना बाप्तिस्मा देई. लॅटिन व पोर्तुगीज प्रार्थनांचे शब्द अर्थ धूसर होत गेला तरी बापाकडून मुलाकडे जात राहिले. बालकाला कडेवर घेतलेल्या कान्नोन देवीच्या मूर्तींत ते मरियेला पाहत. अशीं २०० वर्षें लोटलीं.

१७ मार्च १८६५ रोजीं नागासाकींतील ओउरा येथें, त्याच २६ हुतात्म्यांच्या नांवानें नुकत्याच बांधलेल्या देवळांत, उराकामी गांवचीं कांहीं माणसें आलीं. त्यांतल्या एका स्त्रीनें फ्रेंच धर्मगुरु पेतीजां यांना हळूच सांगितलें कीं, आमचें अंतःकरण तुमच्याच अंतःकरणासारखें आहे. आणि मरियेची मूर्ति कोठें आहे, असें विचारलें. बंदी तेव्हां उठलेली नव्हती. विश्वास उघड केल्यामुळें उराकामीच्या सुमारें ३,४०० लोकांना देशोधडीस लावण्यांत आलें, आणि त्यांतले ६०० हून अधिक परत आलेच नाहींत. १८७३ सालीं बंदी उठली. पुढें ज्या मुखियाच्या घरीं फुमिए तुडविण्यास लावीत, ती जागा विकत घेऊन गांवकऱ्यांनीं तेथेंच आपलें मोठें देऊळ उभारलें.

९ ऑगस्ट १९४५ रोजीं अणुबाँब पडला तो त्याच उराकामीवर. देऊळ कोसळलें आणि हजारों उपासक भस्म झाले. त्या वर्षीं नाताळच्या आदल्या रात्रीं वांचलेल्यांनीं ढिगाऱ्यांतून काढलेली देवळाची घंटा वाजविली.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायांत येशूनें शिष्यांसाठीं केलेली प्रार्थना आहे. त्यांना जगांतून काढून घ्यावें, असें तो मागत नाहीं. दुष्टापासून त्यांना राखावें, एवढेंच तो मागतो. उराकामीच्या लोकांना भाला, हद्दपारी व अग्नि यांपासून सुटका मिळाली नाहीं. परंतु भयानें त्यांचें कांहीं हिरावलें नाहीं, छळानें त्यांच्या अंतःकरणांत सूड पेरला नाहीं, आणि जें आसन देवाचें होतें त्यावर दुसरा कोणी कायमचा बसूं शकला नाहीं. त्यांची रोजची विनंति येथें ऐकिली गेली.