कायद्याचे शिक्षण आणि आपली मुले



आम्ही शाळामास्तर, वकिली हा आमचा प्रांत नव्हे. तरी आज कायद्याच्या शिक्षणाविषयी बोलण्याचे धाडस करीत आहोत, त्याला कारण आमच्या घरची एक पत्र्याची पेटी.

1984 सालच्या 2 डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा आम्ही अगदी लहान होतो. पुढे नुकसानभरपाईचे अर्ज निघाले आणि आमच्या अम्मीने त्या पेटीत कागद साठविले: रेशनकार्ड, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, पावत्या. ज्यांच्यापाशी चिठ्ठी नव्हती त्यांनी काय करावे? जीव घेऊन पळणाऱ्या माणसाने त्या रात्री चिठ्ठी मागावी तरी कोणाकडे? शेजारच्या खालांचा अर्ज याच उणिवेपायी अडला. त्यांचा खोकला साऱ्या गल्लीला ऐकू येई. पण कागदावर त्याची नोंद नव्हती.

1985 च्या कायद्याने सर्व पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला. हेतू वाईट नव्हता. गरिबाला परदेशी कंपनीशी झगडणे कुठले परवडणार? परंतु 1989 च्या फेब्रुवारीत 47 कोटी डॉलरांवर तडजोड झाली, ती पीडितांना न विचारता. असे का होते, हे निव्वळ कलमे पाठ करून उमगायचे नाही. त्याला समाजशास्त्र हवे, अर्थशास्त्र हवे, वैद्यकाचीही थोडी ओळख हवी.

ही वाट नवी नाही. आपल्याच प्रांतात, महू येथे जन्मलेले डॉ. आंबेडकर 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले, ते अर्थशास्त्र शिकावयास. 1916 साली जातिसंस्थेवरील निबंध त्यांनी वाचला, तो मानववंशशास्त्राच्या वर्गात. बॅरिस्टरीचा अभ्यास त्यानंतरचा. आमच्या भोपाळातही 1997 साली राष्ट्रीय विधि संस्थान विद्यापीठ स्थापन झाले, तेथे बी. ए. आणि एलएल. बी. पाच वर्षांत जोडीने शिकवितात.

अडचण येते ती पदवीनंतर. आमच्या एका विद्यार्थिनीने कायद्याची पदवी घेतली आहे. भरपाईच्या जुन्या दाव्यांवर तिला संशोधन करावयाचे आहे. वडील म्हणतात, "सनद घे, कोर्टात उभी राहा, चार पैसे मिळव." घरात धाकटी दोघे आहेत, त्यांचे म्हणणे आम्हांस खोडता आले नाही.

म्हणून विश्वस्तांस विनंती, की शिष्यवृत्त्या डॉक्टरी व इंजिनियरिंगपुरत्या न ठेवता दरसाल एक जागा अशा उच्च अभ्यासासाठी राखावी. फीबरोबर राहण्याजेवणाचा खर्चही द्यावा. नाहीतर मूल पहिल्या सहामाहीतच मिळेल ती नोकरी धरील. आमची पेटी आम्ही त्या विद्यार्थ्याच्या स्वाधीन करू. खालांच्या अर्जाची नक्कल अजून तीत आहे.