मल्लाच्या पाठीमागचे घर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पापनाशम येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानासाठी आमचे नाव सुचले तेव्हा चिटणीसांची अपेक्षा अशी होती की आम्ही सरफोजी राजांवर, निदान सरस्वती महालातील मोडी कागदपत्रांवर बोलावे. तंजावरच्या मुलखात मराठी माणूस मराठी माणसांपुढे बोलावयास उभा राहिला की या दोन विषयांतून त्याची सहसा सुटका होत नाही. परंतु त्या विषयांचे खरे जाणकार या सभागृहातच बसलेले आहेत, आणि आम्ही पडलो केंद्र सरकारच्या टपाल खात्यातले एक नोकर, बी.ए.पर्यंत शिकलेले, बदलीच्या हुकुमाने कावेरीकाठी येऊन पडलेले. तेव्हा ज्या विषयासाठी आम्ही एक गुडघा खर्ची घातला आहे त्याच विषयावर बोलण्याची परवानगी आम्ही मागून घेतली.

निमित्त घडले ते असे. गेल्या वर्षी एके सायंकाळी याच गावातले एक गृहस्थ आमच्या बिऱ्हाडी आले. घराणे व्यंकोजी राजांच्या मागोमाग इकडे उतरलेले. म्हणजे साडेतीनशे वर्षे होत आली. सोबत वीस वर्षांचा मुलगा होता. मुलगा लहानपणापासून सिलंबम म्हणजे इकडची काठी फिरविणारा, आणि आता अभियांत्रिकीचे शिक्षण अर्ध्यावर सोडून चेन्नईस जाऊन मिश्र युद्धकला शिकावयाची असा त्याचा हट्ट. ही मुले तिला एम.एम.ए. म्हणतात. वडील म्हणाले, "राव, तुम्ही कुस्तीच्या मुलखातले. याला चार शब्द सांगा." ते चार शब्द कोणते असावेत हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले होते.

आम्ही ते चार शब्द सांगितले नाहीत. का सांगितले नाहीत तेच आज सांगावयाचे आहे.

ही विद्या म्हणजे काय हे अनेक वडीलधाऱ्यांस ठाऊक नसेल. मुष्टियुद्ध, थायलंडातील लाथा-कोपर-गुडघ्यांची लढाई, जपानातून ब्राझीलमध्ये जाऊन रुजलेली जुजुत्सू आणि कुस्ती या सर्वांचे मिश्रण करून जाळीच्या पिंजऱ्यात दोघांनी लढावयाचे. फेरी पाच मिनिटांची, साधारणतः तीन फेऱ्या, अजिंक्यपदासाठी पाच. १९९३ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे हिचा पहिला गाजलेला सामना झाला तेव्हा नियम जवळजवळ नव्हतेच. पुढे २००० सालानंतर नियमांची चौकट आली. तरीही पडलेल्या माणसास ठोसे मारण्याची मुभा तीत आहे, आणि ती आमच्या मनास अजून पटलेली नाही. मातीत वाढलेल्या माणसाला पाठ टेकली की कुस्ती संपली असे वाटते. येथे पाठ टेकल्यावर अर्धी लढाई सुरू होते.

मल्लविद्या या भूमीस परकी नव्हे. मामल्लपुरम हे नावच मुळी 'महामल्ल' म्हणविणाऱ्या पल्लव राजा नरसिंहवर्म्याचे. आणि कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांचे वर्ग, त्यांचा व्यायाम, त्यांचा आहार या सर्वांची तीत व्यवस्था लावलेली आहे. आम्हांस त्यातले डावपेच वाचण्यापेक्षा एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मल्लास खाऊ घालावयाचे ते राजाने. मल्ल स्वतःच्या कमाईवर मल्ल होऊ शकत नाही, हे त्या राजास आठ-नऊशे वर्षांपूर्वी उमगले होते. तिरुप्पालैत्तुरैच्या देवळातील नायककालीन भाताचे ते प्रचंड गोल कोठार आपण सर्वांनी पाहिले आहे. ते प्रथम पाहिले तेव्हा इतर लोक त्याच्या बांधकामाची तारीफ करीत होते, आणि आमच्या मनात मात्र हेच आले की येथे किती पैलवान पोसता आले असते!

आमचे बालपण सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेले. नवव्या वर्षी वडिलांनी तालमीत नेऊन वस्तादांच्या पायांवर घातले. पहाटे चारला उठावयाचे, फावड्याने हौद्यातली माती उकरावयाची. ती माती साधी नसते. तीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती मळलेली असते. मग जोर, बैठका, मग लढती, आणि उजाडता उजाडता अंगाला माती लावून निपचित पडावयाचे. शाळेत दुसऱ्या तासाला डोळा लागे व गुरुजींची छडी तो उघडी. दहा वर्षे हे चालले. कान मोडले तेव्हा आम्ही आरशापुढून हललो नाही, कारण कान मोडला म्हणजे पैलवान झाला अशी आमच्याकडची समजूत.

परंतु खरे कष्ट हे नव्हते. खरे कष्ट घरातले होते, आणि ते आम्हांस फार उशिरा दिसले. घरी एक म्हैस होती. तिचे दूध, तूप सगळे आमच्या खुराकात जाई. बदाम वडील उधारीवर आणीत. आमच्या धाकट्या बहिणीच्या वाट्यास बिनदुधाचा कोरा चहा येई, दहा वर्षे. तिने कधी तक्रार केली नाही, आणि आम्ही कधी विचारले नाही. एकोणिसाव्या वर्षी एका जत्रेच्या फडात ढाक मारता मारता आमचा उजवा गुडघा वळला, आणि तो पुन्हा सरळ झाला नाही. फडातून घरी आणले त्या रात्री आईने दुधाचा पेला प्रथमच बहिणीपुढे ठेवला. तिने तो प्याला नाही, आमच्यापुढे सरकवला. पुढे आम्ही बी.ए. झालो, परीक्षा देऊन नोकरीस लागलो, तो इतिहास येथे सांगण्यासारखा नाही.

म्हणून आम्ही खाशाबा जाधवांची कथा नेहमी दोन्ही बाजूंनी पाहतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचा हा कुस्तीगीर १९४८ साली लंडनला सहावा आला. त्या प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. जन्म मातीतला, आणि तेथे लढत मॅटवर. ते नियमही बहुतेक नवे. १९५२ साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हा पैशांसाठी गोळेश्वर-कऱ्हाडच्या लोकांपुढे झोळी पसरावी लागली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य! आम्ही या वाक्यापाशी दरवेळी थांबतो.

हेलसिंकीला खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीचे मल्ल हरविले. जपानच्या इशीशी त्यांची लढत दीर्घ चालली व तीत ते हरले. हाच इशी पुढे सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. त्या लढतीतून दम न घेता लगेच सोव्हिएत मल्लाशी भिडावयास त्यांस बोलाविले गेले. दोन लढतींत अर्ध्या तासाची विश्रांती मिळण्याचा नियम होता, पण त्यांच्या बाजूने तो नियम बोलून दाखविणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता, अशी हकीकत सांगतात. खाशाबा हरले, आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळावयास १९९६ साल उजाडावे लागले.

कऱ्हाडहून गोळेश्वरपर्यंत एकशे एक्कावन्न बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती आपण सर्वांनी ऐकलेली आहे. त्यानंतरचे थोडे कमी ऐकलेले असते. खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून पैसा जमविला आणि प्राचार्यांचे घर सोडविले. १९५५ साली ते पोलिस खात्यात फौजदार झाले. १९८४ साली अपघातात त्यांचा अंत झाला, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर.

आता नव्या काळातले उदाहरण. महाराष्ट्राचाच भारत खंडारे हा कुस्तीतून पुढे आलेला तरुण, अमेरिकेतील यू.एफ.सी. या सर्वांत मोठ्या संस्थेने करारबद्ध केलेला पहिला भारतीय. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघाय येथे त्याची लढत चीनच्या सोंग याडोंगशी झाली, आणि पहिल्याच फेरीत गळफासाच्या डावाने तो हरला. हा डाव कुस्तीगीराचा काळ आहे. पट काढावयास मल्ल खाली वाकतो तेव्हा त्याची मान आपण होऊनच समोरच्याच्या काखेत जाते. मातीत या चुकीला शिक्षा नाही, कारण तेथे गळा आवळण्यास बंदी. तसेच चितपट टाळण्यासाठी पोटावर पालथे पडून राहण्याची आमची सवय. जाळीत पालथा पडलेला माणूस पाठ देऊन बसतो, आणि पाठीवर शत्रू घेऊन कोणी जिंकत नसते. म्हणजे दहा वर्षे जे अंगात मुरविले त्यातले निम्मे विसरावयाचे, आणि ते विसरणे शिकण्याहून अवघड. उत्तर प्रदेशच्या पूजा तोमरने जून २०२४ मध्ये या संस्थेत भारतीय स्त्रियांतर्फे पहिला विजय मिळविला, तोवर मध्ये साडेसहा वर्षे गेली होती.

याहून एक भयंकर गोष्ट आहे, ती मातांनी विशेष लक्ष देऊन ऐकावी. हे लढवय्ये आपल्या नैसर्गिक वजनाहून हलक्या गटात लढण्यासाठी अखेरच्या दिवसांत पाणी तोडतात, घामाने अंग पिळून काढतात, वजन देऊन झाले की पुन्हा पाणी पितात. डिसेंबर २०१५ मध्ये मनिला येथे यांग जियान बिंग हा एकवीस वर्षांचा चिनी लढवय्या लढतीपूर्वी असे वजन उतरविताना कोसळला व मरण पावला. प्रतिस्पर्ध्याचा हात त्याला लागलाही नव्हता. त्यानंतर ती लढत भरविणाऱ्या संस्थेने पाणी तोडून वजन उतरविण्यावर बंदी घातली. आमच्या वस्तादांनी आम्हांस उपाशी कधी ठेवले नाही. उलट न खाणाऱ्या मुलास ते तालमीबाहेर काढीत.

आणि आमच्या खात्यातली एक कोरडी बाब. केंद्र सरकारात खेळाडूंसाठी नोकऱ्या असतात. कोणते खेळ त्यासाठी ग्राह्य धरावयाचे याची यादी असते, आणि २०२० साली तीत आणखी वीस खेळांची भर पडली. आपला मल्लखांब आला, चीनचा वुशू आला. मिश्र युद्धकला त्या यादीत नव्हती. खाशाबांना पोलिस खाते तरी होते. या मुलाचा गुडघा वळला तर त्याच्याजवळ काय आहे?

हे सर्व आम्ही त्या सायंकाळी त्या पिता-पुत्रांस सांगितले. मुलगा मुकाट्याने ऐकत होता. वडिलांचा चेहरा उजळत चालला होता, तोच मुलाने विचारले, "मामा, तुम्ही परत तरुण झालात तर तालमीत जाल का?" आम्ही खोटे बोलू शकलो असतो. आमची पत्नी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती व तिला उत्तर ठाऊक होते. आम्ही म्हटले, "जाऊ. पण या खेपेस बहिणीला विचारून जाऊ."

मग बोलणे निराळ्या वळणावर गेले. जावे की न जावे हा प्रश्न बाजूस राहिला, आणि कोणाच्या जिवावर जावयाचे हा प्रश्न पुढे आला. पदवी पुरी करावयाची, हे मुलाने कबूल केले. पाणी तोडावयाचे नाही. ज्या गटात पोटभर जेवून बसता येईल त्याच गटात लढावयाचे, हेही कबूल केले. अंडे-मांसाचा प्रश्न निघाला तेव्हा आजीबाई आतून कडाडल्या असे वडिलांनी दुसऱ्या दिवशी सांगितले. तेव्हा दूध, तूप, बदाम, डाळी यांवर पिढ्यान्पिढ्या पैलवान झाले आहेत हे त्यांस कळविण्याची जबाबदारी आमच्यावर आली. सर्वांत शेवटी आम्ही एकच मागितले, की लढत असेल तेथे घरचे किंवा गावचे एक माणूस जाळीपाशी हजर असावे. नियम ठाऊक असलेले, आणि थांबवा म्हणण्याची हिंमत असलेले.

पहिल्या हौशी लढतीस आम्ही व ते गृहस्थ रात्रीच्या गाडीने चेन्नईस गेलो. आईने तुपाची बरणी दिली होती. ती गाडीत सांडू नये म्हणून दोघांनी आळीपाळीने मांडीवर धरली. मुलगा तीनही फेऱ्या उभा राहिला आणि गुणांवर हरला. खाली आला तेव्हा डावा कान सुजून कारल्यासारखा झाला होता. वडिलांनी खांद्यावरच्या अंगवस्त्रात बर्फ गुंडाळून तो कानाला धरला, आणि जिंकला की हरला हे न विचारता, "डोके दुखते का, उलटीसारखे होते का," एवढेच तीनदा विचारले. तो प्रश्न आम्हीच त्यांना पढविला होता.

मंडळातल्या चार घरांनी त्याच्या खुराकाचा खर्च वाटून घेतला आहे. हिशेबाची वही आमच्याकडे आहे. टपाल खात्याच्या सवयीने ती रोजच्या रोज लिहिली जाते. तिच्यात पहिली नोंद मुलाच्या बहिणीच्या नावे दुधाची आहे. ती आम्ही मागून घातलेली नाही, त्यानेच सांगितली.

तो मागच्या रांगेत, खिडकीजवळ बसला आहे. शंका असतील त्या त्यालाच विचाराव्यात. त्याची मराठी आमच्या मराठीपेक्षा जुनी आहे, तेव्हा जरा सावकाश ऐकावे.